‘आमवात असेल तर लस तीन महिन्यांत संपते’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

गेले काही दिवस इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आधी हिंदीत आला, मग कुणीतरी त्याचं मराठी केलं आणि लोकमान्य नगरातल्या भिशीच्या ग्रुपवरून तो माझ्या आत्यापर्यंत पोचला. त्यात म्हटलंय : आमवात, ल्यूपस अशा ऑटोइम्यून आजारांत (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) कुठलीही लस तीन महिन्यांत संपते. लसीने आजार उलट भडकतो. घ्यायचीच असेल तर महिनाभर आधी सगळी औषधं बंद करा, गुळवेलाचा काढा घ्या आणि नंतर अँटीबॉडी टेस्ट करून बघा. खाली ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांचं नाव कुठेही नाही.

आत्याला कित्येक वर्षांपासून आमवात आहे. रोज सकाळी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. त्या पाकिटावर तिने बॉलपेनने ‘फक्त रविवार’ लिहून ठेवलंय, इतकी ती काटेकोर. तिने फोन करून विचारलं, “फ्लूची लस घ्यायची आहे, तर उद्यापासून सगळ्या गोळ्या थांबवू ना गं?” तेव्हा माझं डोकंच फिरलं.

म्हणून आधी औषधं बंद करण्याबद्दल. मेसेजमधला हाच मुद्दा जिवावर बेतू शकतो. जो माणूस महिनोन्‌महिने स्टिरॉइडची गोळी घेतो, त्याच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं कमी करतात. गोळी एकदम बंद केली तर त्या लगेच कामाला लागत नाहीत. मग उलट्या होतात, माणूस गळून जातो, रक्तदाब घसरतो आणि वेळेवर इलाज झाला नाही तर प्राणही जाऊ शकतो. डॉक्टर ही गोळी थोडी थोडी करत उतरवतात ते याचसाठी. ल्यूपसवाल्यांचंही तेच. १९९१ साली कॅनडात झालेल्या चाचणीत ज्यांचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे ल्यूपसची नेहमीची गोळी, थांबवलं, त्यांचा आजार उसळण्याचं प्रमाण गोळी चालू असलेल्यांच्या अडीच पट होतं. आणि मेसेज लिहिणारा बिनधास्त सांगतो, ‘सगळी औषधं बंद करा’!

हे खूळ कुठून आलं असावं याचा अंदाज आहे, आणि त्यातला खरा भाग नाइलाजाने का होईना, मान्य करायला हवा. इंग्लंड-वेल्समध्ये मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या २५४ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०२२ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये छापून आली. कोविडच्या बूस्टरनंतर निम्म्या लोकांनी मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवलं, बाकीच्यांनी चालू ठेवलं. चार आठवड्यांनी थांबवणाऱ्यांच्या अँटीबॉडी दुपटीहून जास्त निघाल्या आणि बारा आठवड्यांनीही फरक टिकून होता. म्हणजे औषधामुळे लसीचा जोर कमी होतो, हे खरं. पण नीट वाचा. थांबवलं ते एकच औषध, दोनच आठवडे, आणि तेही लस घेतल्यानंतर. शिवाय चालू ठेवणाऱ्यांपेक्षा थांबवणाऱ्यांत जास्त जणांचा आजार त्या काळात उसळला, म्हणून हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा.

याच चाचणीत तीन महिन्यांच्या दाव्याचंही उत्तर आहे. ज्यांनी गोळी एकदाही सोडली नाही, त्यांच्याही रक्तात बारा आठवड्यांनी अँटीबॉडी होत्याच. कमी होत्या, पण संपल्या नव्हत्या. अँटीबॉडी काही महिन्यांत उतरतात त्या धडधाकट माणसातही. मागे स्मरणपेशी राहतात, म्हणजे तो जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी. आणि ‘कुठलीही लस’ म्हणजे काय? फ्लूची लस सगळ्यांनाच दरवर्षी घ्यावी लागते, कारण संरक्षण ओसरतं आणि विषाणूही बदलतो. धनुर्वाताचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. सगळ्यांना एकच तीन महिन्यांचा आकडा लावणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

संरक्षण किती मिळेल आणि किती टिकेल हे आजाराच्या नावापेक्षा औषधावर जास्त ठरतं. रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन घेणाऱ्यांची अडचण खरी आहे. ते औषध अँटीबॉडी बनवण्याच्या कामातल्या बी पेशीच काढून टाकतं, आणि त्या परत यायला सहा महिने किंवा जास्तही लागतात. म्हणून बहुतेक लसी पुढच्या इंजेक्शनची वेळ जवळ आली की देतात आणि इंजेक्शन किमान दोन आठवडे पुढे ढकलतात. फ्लूची लस मात्र हंगाम बघून देतात. लस घेऊच नका, असं यातून निघत नाही.

आजार भडकतो म्हणणाऱ्यांसाठी : नेदरलँड्समध्ये संधिवात असलेल्या १३७ मुलांवर चाचणी झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. गोवर-गालगुंड-रुबेलाचा बूस्टर दिलेल्या मुलांचा आजार न दिलेल्यांपेक्षा वाढला नाही. लसीनंतर दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कसकस वाटते, ते वेगळं. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना आपल्या मनाने घेऊ नयेत.

अँटीबॉडी टेस्टवर पैसे घालवू नका. त्या आकड्यावरून तुम्ही सुरक्षित आहात की नाही, हे ठरत नाही. गुळवेलाचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही, पण ज्यांच्या यकृतावर आधीच मेथोट्रेक्सेटमुळे लक्ष ठेवावं लागतं, त्यांनी ही जोखीम कशाला घ्यायची?

आत्याला मी एवढंच सांगितलं : आपल्या मनाने एकही गोळी थांबवू नकोस. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे स्टिरॉइड चालू असतानाही फ्लूची लस घेता येते, आणि आजार शांत असेल तर लसीनंतर फक्त मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवता येतं. इतर निर्जीव (जिवंत जंतू नसलेल्या) लसींसाठी तेवढंही थांबवायचं नाही. पुढचे दोन रविवार सोडायचे का, हे तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि न्यूमोनियाची लस राहिली आहे का तेही त्याच वेळी विचारून घे. पाऊस लागायच्या आत दोन्ही उरकून टाक.