मक्सला चिपचं नाव कशाला?
ड्रायव्हरला (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) चिपचंच नाव द्यावं हे लेखातलं म्हणणं मक्सपुरतं, म्हणजे अनेक सिग्नलांतून एक निवडून पुढे देणाऱ्या मल्टिप्लेक्सरपुरतं, तरी नाही पटलं. ४०५१ या मक्स चिपला काय माहीत त्याच्यातून तापमान जातंय की बॅटरीचं व्होल्टेज, त्याला आठ चॅनल आणि चॅनल निवडायच्या तीन सिलेक्ट पिना एवढंच कळतं, म्हणून तर लिनक्समध्ये ४.१३ पासून (२०१७) मक्सची वेगळी सबसिस्टिम आहे आणि असल्या चिपला नुसता मक्स-जीपीआयओ (साध्या पिनांवरून चॅनल निवडणारा सर्वसाधारण ड्रायव्हर) पुरतो.

महापेला असताना मी हाच गाढवपणा केला, ड्रायव्हरला बोर्डाचं नाव आणि वर एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग) वाचायचं कामही त्यातच कोंबलं, पुढच्या बोर्डावर सिलेक्ट लाइनी बदलल्या आणि सगळं उसवत बसलो, दोन रात्री घणसोलीवरून शेवटची ठाणे लोकल. हां, पीसीए९५४८ ही मक्स चिप वेगळी, ती आयटूसीवरून (चिपांमधल्या दोन तारांच्या बसवरून) रजिस्टर लिहिल्याशिवाय हलत नाही, तिथे चिपचं नाव चालेल.