खिळा की दात

गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजता, दादर पश्चिमेला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, उभ्या टेम्पोखालून निघालेल्या एका तांबूस कुत्र्याने माझी पोटरी धरली आणि सोडली. दोन ओरखडे, थोडे रक्त आणि नव्या पँटला करंगळी जाईल एवढे भोक, इतकेच काय ते झाले. प्रकरण तेथेच मिटले असते. पण आरोपीचे वकील घटनास्थळी हजर होते.

हे पलीकडच्या इमारतीतले निवृत्त काका रोज सकाळी मारी बिस्किटांचा पुडा घेऊन गल्लीत उतरतात. "राजा असा नाही हो," ते म्हणाले. त्या कुत्र्याचे नाव त्यांना ठाऊक होते. पंधरा वर्षे शेजारी राहूनही माझे ठाऊक नाही. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि भर रस्त्यात माझ्या पायाशी उकिडवे बसून, ते भोक चिमटीत धरून उजेडाकडे वळवले. मी हातात डबा घेऊन एका पायावर उभा होतो आणि दूधवाला सायकल टेकवून निकालाची वाट पाहत होता.

"हा दात नव्हे. हा खिळा."

"काका, रक्त आलंय."

"खिळ्यानेही येतं."

"अहो, तो माझ्या पायाला लटकलेला तुम्ही पाहिलात ना?"

"पाहिला. पण तो तुम्हाला सोडवत होता."

यावर काय बोलावे ते मला सुचेना. तेवढ्यात त्यांनी डब्याकडे बोट दाखवून भाजी कसली आहे, असे विचारले. तोंडली, असे मी सांगताच ते किंचित खजील झाले. "मग डब्यासाठी नसेल. राजा तोंडली खात नाही."

निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडावा लागतो, हा भटक्या कुत्र्यांबाबतच्या २०२३ च्या केंद्रीय नियमांतला भाग काकांनी मला न विचारता ऐकवला. त्याच नियमांत कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा इमारतीच्या जिन्यापासून, ये-जा करण्याच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी असेही म्हटले आहे. आमच्या दाराच्या पायरीवर रोज बिस्किटांचा चुरा पडतो, तेव्हा हा भाग मात्र त्यांना आठवत नाही आणि तो चुरा झाडायचे काम माझ्या आईवर येते. कुत्र्यांशी माझे वैर नाही, पण या पायरीचा मला खरोखरच राग येतो.

घरी येऊन पंधरा मिनिटे नळाखाली साबणाने पाय धुतला आणि लोकल चुकली. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या लहानपणच्या धसक्याने दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरांनी दंडावर पाचच सांगितली: ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. मी ज्या दिवशी पहिले टोचून घेतले तो शून्यावा दिवस. रक्त आल्यामुळे जखमेभोवती आणखी एक औषध टोचले, ते मात्र कुत्र्यापेक्षा जोरात चावले. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचत नाहीच, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. वर डॉक्टरांनी कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितले.

त्यामुळे हल्ली रोज सकाळी मलाच काकांकडे जाऊन, शक्य तेवढा कोरडा चेहरा ठेवून, "राजा बरा आहे ना?" असे विचारावे लागते. मला उपरती झाली, अशी त्यांची समजूत आहे. काल त्यांनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विचारता, बरं वाटतं. पण दोन दिवस त्याचं खाण्यात लक्ष नाही हो, तुमचं मनाला लागलंय त्याच्या." खाण्यात लक्ष नाही, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला आणि मी टेम्पोखाली वाकून पाहिले. राजा बिस्किटे खाऊन झोपला होता.

संध्याकाळी पँट घेऊन स्टेशनजवळच्या रफूवाल्याकडे गेलो. घाईच्या वेळी अडकून फाटली, असे सांगायचे मी वाटेत ठरवले होते. त्याने चष्मा न लावता, कापड हातातही न घेता, हातातल्या सुईनेच भोकाकडे बोट केले.

"कुत्रा. वरचा दात. चाळीस रुपये होतील."