घायाळ रजई

३८८ युआन. म्हणजे आजच्या भावाने साडेचार हजार रुपयांच्या वर. एवढ्या पैशांत लिंबाच्या लोणच्याच्या किती बरण्या आल्या असत्या, हा हिशेब मी सिंगापूर येईपर्यंत विमानात करत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, पुरे आता. झोपा." तिला काय, पैसे माझ्या खिशातून गेले होते. लोणचं मात्र तिचं होतं, हे मी तेव्हा बोललो नाही. विमानात भांडून माणूस जाणार कुठे?

झालं असं की मुलगी सिंगापूरला असते, नोकरीनिमित्त सतत फिरते आणि फिरून फिरून तिचे हॉटेलांचे पॉइंट्स साठतात. "बाबा, चीनमध्ये शिआनला तीन रात्री फुकट आहेत, तुम्ही दोघं जाऊन या," असं ती म्हणाली. 'फुकट' हा शब्द ऐकून फसलेला मी काही पहिलाच माणूस नसेन. हॉटेलाचं नाव सांगणार नाही, त्यांची जाहिरात मी कशाला करू? पंचतारांकित होतं एवढं पुरे.

आत शिरल्याबरोबर एका गोऱ्यापान मुलाने कमरेत वाकून आमच्या बॅगा घेतल्या, खोलीचं कार्ड दोन्ही हातांनी, तीर्थप्रसाद द्यावा तसं दिलं आणि मग त्याच अदबीने १००० युआन अनामत मागितली. फुकट खोलीला अनामत! मी माओंचे दहा फोटो मोजून काउंटरवर ठेवले. तिथे आता भाजीवालासुद्धा मोबाइलवर चौकोन दाखवून पैसे घेतो, त्यामुळे माझ्या नोटांकडे ती काउंटरवरची मुलगी उत्खननात सापडलेल्या वस्तूंसारखी बघत होती.

लिफ्टमध्ये तीननंतर एकदम पाच. चार नाहीच. त्यांच्या भाषेत 'चार'चा उच्चार मरणाच्या उच्चारासारखा होतो म्हणून मजलाच गाळलेला. बायको म्हणाली, "मग पाचव्यावरच्यांच्या खाली कोण राहतं?" मी म्हटलं, "शांत बस." (हा चार आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानेच माझे बारा युआन वाचवले.)

खोलीतलं सगळं पांढरं होतं. चादर पांढरी, उशा पांढऱ्या, झगे पांढरे आणि पलंगावर ती रजई, दुधाच्या सायीसारखी. या पंचतारांकित लोकांना पांढऱ्याचं एवढं काय वेड आहे ते मला आजवर कळलेलं नाही. स्वच्छता दिसावी म्हणून, असं ते सांगतात. खोटं आहे. पाहुणा सापडावा म्हणून पांढरं असतं. आपल्याकडे सतरंजी अशी निवडतात की तिच्यावर आमटी सांडली तरी नक्षी वाटावी, याला म्हणतात आतिथ्य. त्यात कमोडचं झाकण असं, की रात्री अंधारात नुसतं शेजारून गेलं तरी ते आपसूक उघडून आदराने उभं राहायचं. मी दोनदा दचकून "सॉरी" म्हणालो.

शहराबद्दल मात्र तक्रार नाही. मिंग काळातली तटबंदी जवळपास १४ किलोमीटरची, वरून सायकल चालवता येते. मी एक चतुर्थांश चालवली आणि उरलेली ढकलली. मातीच्या सैनिकांची ती फौजही पाहिली. १९७४ साली शेतकरी विहीर खणत होते, पाण्याऐवजी बादशहाचं सैन्य लागलं. आमच्या आजोबांनी तीन विहिरी खणल्या आणि तिन्हीत खडक लागला, त्यामुळे मी तिथे जरा गप्पच होतो.

खरा जीव रमला तो मोठ्या पॅगोडापाशी, कारण समोर आपल्या ओळखीचा माणूस उभा होता. ह्युएनत्संग. शाळेच्या इतिहासात पाठीवर सामान बांधलेल्या चित्रातला. सातव्या शतकात हा गृहस्थ इथून पायी निघाला, हिंदुस्थानभर फिरला, महाराष्ट्रातही येऊन गेला, पुलकेशीचं राज्य असताना. ६४५ साली परतला तो पोथ्यांचं ओझं घेऊन, आणि त्या पोथ्या नीट राहाव्यात म्हणून ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला. आपल्याबद्दल त्याने लिहून ठेवलंय: ही माणसं उपकार विसरत नाहीत, पण कुणी अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत आणि सूड घेण्याआधी शत्रूला तशी सूचना देतात. बायकोने पुतळ्याला नमस्कार केला. मला काय माहीत, चोवीस तासांत हे प्रशस्तिपत्रक मला वापरावं लागेल!

आता लोणच्याकडे येतो.

मी मटण खातो, बायको खात नाही. शिआनचं ते प्रसिद्ध मटण-पाव आपल्याला अजिबात परकं नाही. गोल, कडक पाव आपल्या हाताने कुस्करायचा, मग ते वाडगं आत नेऊन वर रस्सा घालून आणतात. भाकरी कुस्करण्यात माझी हयात गेली, तरी तिथल्या बाईंनी माझं वाडगं पाहून नापसंतीने मान हलवली आणि चिमटीने दाखवलं: एवढे बारीक, हरभऱ्याच्या डाळीएवढे. मी वीस मिनिटं पाव कुस्करत बसलो. बायकोने "फक्त भाज्या" असं चिनीत लिहिलेली चिठ्ठी दाखवून नूडल्स मागवल्या. त्यात भाज्या होत्या, आणि भाज्यांना सोबत म्हणून खिमाही होता. म्हणजे ती उपाशी.

म्हणून रात्री अकरा वाजता खोलीत नुसता भात मागवला. भात घेऊन आला एक यंत्रमानव, कमरेएवढा, चाकांवरचा. लिफ्टने एकटाच येतो, दाराशी उभा राहून खोलीतल्या फोनवर बारीक आवाजात स्वतःची वर्दी देतो. बायको त्याला सवयीने "ये रे बाबा" म्हणाली. त्याच्या पोटातून भात काढला, बॅगेतून मेतकूट, तूप आणि लोणच्याची बाटली काढली. मीही पलंगावर मांडी घालून बसलो. मटण खाल्लं म्हणून मेतकूटभाताला नाही म्हणायचं, असे संस्कार आमच्या घरात नाहीत.

फोड माझ्याच बोटांतून निसटली, हे मान्य करतो. रुपयाच्या नाण्याएवढा डाग, जर्द पिवळा. बायको म्हणाली, सकाळी सांगून टाकू. मी म्हटलं, कशाला? आणि ते टोक गादीखाली खोचलं.

निघताना काउंटरवर किल्ली दिली आणि अनामत मागितली, तर म्हणे थांबा, खोली तपासतायत. हा तिथला रिवाज. तुम्ही खाली उभे, वर झडती. चार मिनिटांत काउंटरवरचं यंत्र खरखरलं. पाचव्या मिनिटाला सफाईवाल्या बाई ती अख्खी खोळ हातांवर आडवी घेऊन लिफ्टमधून बाहेर आल्या, जखमी सैनिकाला उचलून आणावं तशा. कमरेत वाकणारा तो गोरापान मुलगा सहज येऊन आम्ही आणि फिरतं दार यांच्या मधोमध उभा राहिला.

मॅनेजर आला. त्याने मोबाइल तोंडापाशी धरून चिनीत काहीतरी सांगितलं आणि मोबाइल खणखणीत हिंदीत बोलला, "आदरणीय अतिथि, आपकी रजाई घायल है।"

मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर बायकोने मोबाइल पुढे ओढला. तिची हिंदी मुंबईत रिक्षावाल्यांनाही दोनदा ऐकावी लागते. ती म्हणाली, "कल रात को अचार सांड गया।"

मोबाइलने ते चिनीत सांगितलं. मॅनेजरचा चेहरा बदलला. त्याने सफाईवाल्या बाईंकडे पाहिलं, मग छताकडे, मग पुन्हा मोबाइलमध्ये अगदी हळू बोलला. मोबाइल म्हणाला, "साँड कमरे से कब गया?"

"सांड नव्हे हो, सांडलं! गिरा! गिर गया!" मी ओरडलो.

"साँड कहाँ से गिर गया?"

हे किती वेळ चाललं असतं देव जाणे. पण सफाईवाल्या बाई कर्तव्यदक्ष निघाल्या. डाग निघतोय का ते सर्वांसमक्ष दाखवावं म्हणून त्यांनी कमरेची बाटली काढली आणि त्यावर साबणाचं पाणी फवारलं. ज्यांच्या घरी हळदीचे कपडे साबणाने धुतलेत त्यांना पुढचं माहीत आहे. डाग बघता बघता लालभडक झाला.

काउंटरवरच्या मुलीने तोंडावर हात नेला. आधीच घायाळ असलेल्या रजईतून आता रक्त यायला लागलं होतं.

इथे आजोबा आले. त्या दिवशी हॉटेलात लग्न होतं, त्यातले पाहुणे असावेत. छातीवर लाल कागदी फूल, हातात काचेची बाटली, तिच्यात तरंगणारी चहाची पानं. कोचावरून उठून ते मॅनेजरला बाजूला सारत थेट डागापाशी आले, वाकून त्यांनी वास घेतला, बोट लावलं आणि आम्हा दोघांकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता पोलीस. पण बायकोच्या अंगात तोवर वेगळंच वारं शिरलं होतं. बाजूला पाहुण्यांसाठी लिंबाच्या चकत्या घातलेल्या पाण्याचं भांडं होतं. तिने त्यातली एक चकती उचलली आणि डागावर पिळली. डाग पुन्हा पिवळा.

आजोबा "आय्या!" असं काहीसं ओरडले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग त्यांनी बाईंना खूण केली: परत फवारा. लाल. बायकोने पिळलं, पिवळा. आजोबांनी लग्नातल्या दोन नातवंडांना हाक मारली. लाल. पिवळा. लाल. बायको मोबाइलला समजावत होती की याच हळदीचं आम्ही कुंकू करतो, लग्नात नवरीला लावतो, शुभ असतं. मोबाइलने त्याचं काय केलं कोण जाणे, पण लाल आणि लग्न हे दोन शब्द पोचले असावेत, कारण आजोबा छातीवरचं फूल दाखवून जोरजोरात मान हलवायला लागले. मी बॅगा धरून उभा होतो. विमानाला साडेतीन तास होते.

मग त्यांना लोणचं बघायचं होतं. बायकोने बॅग उघडली, वरचे माझे बनियन काउंटरवर ठेवले, बाटली काढली. आजोबांनी कुठूनशी दातकोरणी पैदा केली, एक फोड टोचून तोंडात टाकली आणि डोळे मिटले. लॉबीत शांतता. जबडा सावकाश हलत होता. कपाळावर घाम आला. चहाचा एक मोठा घोट. मग दुसरी फोड.

तिसऱ्या फोडीनंतर ते मॅनेजरकडे वळले आणि असा काही आवाज चढवला की माझी छाती भरून आली. परक्या मुलुखात कुणीतरी आपली बाजू घेतंय! दंड होता ४८० युआन. हात उडाले, बोटं मोजली गेली, आजोबांनी खोळ उलटीपालटी केली. मॅनेजर ४०० वर आला. आजोबा भडकले. चार? लग्नाच्या दिवशी चार? मॅनेजरनेही ओशाळून मान खाली घातली. दोघांनी मिळून ३८८ ठरवले, आठ शुभ म्हणून. मग आजोबांनी मॅनेजरचा मोबाइल घेतला, त्यात काही बोलले आणि माझ्या कानाशी धरला.

"अचार बहुत अच्छा है। पैसे दे दो।"

आणि बाटली घेऊन ते लग्नात निघून गेले. बायकोने हसून हात जोडले. परतीच्या वाटेवर तीन-तीनदा मला सांगत होती, "पाहिलंत? तिसरी फोड खाल्ली त्यांनी."

मी ३८८ दिले. पण ह्युएनत्संगाने लिहिलेलं खोटं पडू द्यायचं नाही, म्हणून सूचना दिली. खरं तर त्याने असंही लिहिलंय की आपले योद्धे लढाईआधी मद्य घेत आणि हत्तींनाही पाजत. माझ्याकडे हत्ती नव्हता आणि खोलीतल्या बाटल्यांचे दर मी वाचले होते, तेव्हा कोरड्यानेच म्हणालो, "पैसे घेतलेत ना? मग खोळ माझी. बांधून द्या." मॅनेजर एक शब्द न बोलता आत गेला. दहा मिनिटांनी तो गोरापान मुलगा रेशमी फीत बांधलेलं खोकं घेऊन आला आणि कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, त्याने ते मला दिलं. सूड घ्यायला जागाच ठेवली नाही मेल्यांनी.

मला राग पैशांचा नाही. म्हणजे आहे, पैशांचाही आहे. पण तीन दिवस "आपलंच घर समजा" म्हणायचं आणि चौथ्या दिवशी दारात अडवून लॉबीत चादरी फडकवायच्या, हे काय? आपल्याकडे पाहुण्याने सोफ्यावर चहा सांडला तर "असू द्या हो" म्हणतात आणि तो गेल्यावर वर्षभर त्याच्या नावाने खडे फोडतात. तोंडावर पावती फाडत नाहीत.

पुण्यात आल्यावर बायकोने खोळ धुऊन गॅलरीत घातली. हळदीचा डाग उन्हापुढे टिकत नाही, हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोन दुपारींत डाग साफ. आता ती एवढी मोठी खोळ आमच्या कुठल्याच गादीरजईला बसत नाही, आणि तिच्या कोपऱ्यात सोनेरी दोऱ्याने हॉटेलाचं चिन्ह विणलेलं आहे. ते समोरच्या इमारतीतूनही दिसतं.

काल समोरच्या वहिनी भेटल्या. "चीनला जाऊन आलात म्हणे! खोळ बघितली हो. आमचे हे महाबळेश्वरहून दोन साबणाच्या वड्या आणतात फार तर. एवढं मोठं काही उचलायचा आम्हाला नाही बाई धीर होत."

मी तसाच वर गेलो, पावती शोधली आणि खाली आणून त्यांच्या हातात दिली. अख्खी चिनीत. वहिनींनी ती उलटसुलट करून पाहिली.

"अय्या," त्या म्हणाल्या, "ही पण तिथलीच का?"