आखाजीला दाखवलेलं घर, श्रावणातली ओल: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमळनेरहून लिहिणारे भाऊ,

घर विकणाऱ्याने दोष आपणहून सांगावेत, या माझ्या लेखावर तुम्ही रागाने लिहिलंत: "घेणाऱ्याला डोळे असतात. त्याने मिस्त्री आणावा, वकील आणावा. आपणच आपला भाव का पाडायचा? आपल्याकडे असं कोणी सांगत नाही." वडिलांचं घर विकायला काढलंय, हेही तुम्ही लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

डोळ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. गल्ली अरुंद आहे, फरशी फुटलीय, जिना उभा आहे, हे घेणाऱ्याने बघावं. घर का विकताय हे सांगायलाही तुम्ही बांधील नाही. पण आपल्या खानदेशात कितीतरी सौदे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास ठरतात. ऊन चाळिशीच्या वर, भिंती खडखडीत कोरड्या. धाब्याची (सपाट छताची) गळती, भिंतीत चढणारी ओल, पावसात मोरीतून उलटं येणारं पाणी तेव्हा कुठल्या मिस्त्रीला दिसणार? दिवाळीत घर दाखवलं तर उलटा प्रकार. बोअरला पाणी भरपूर, आणि होळीपर्यंत ते आटतं हे फक्त घरच्यांना ठाऊक. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांचं तर विचारूच नका. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया खोल नसेल तर त्याच भिंतीला त्याच जागी पुन्हा तडा जातो. विकायच्या आधी पुट्टी भरून रंग मारला, की डोळे असून काय उपयोग? चोपड्याच्या एका ओळखीच्या कुटुंबाने उन्हाळ्यात घर घेतलं, छताला नवंकोरं पीओपी होतं. श्रावणात ते फुगून खाली आलं, तेव्हा वरचा सडका स्लॅब दिसला. आयुष्याची पुंजी घातली होती त्यांनी. मला हे सोडून देता येत नाही.

कायदाही गप्प नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५५ बघा. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष उघड करणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो मिळकतीतला असो की मालकी हक्कातला. न सांगणं म्हणजे कपट, असंही तिथेच म्हटलंय. तुमचे 'डोळे' या कलमात आहेतच, फक्त त्यांना मर्यादा घातलीय.

हक्काच्या बाबतीतही तेच. मिळकतीवर नोंदलेला बोजा, म्हणजे कर्ज-गहाण, वकिलाच्या शोध अहवालात येईल. पण आधीच कुणाकडून साध्या स्टॅम्पवर घेतलेला इसार (सौद्याची आगाऊ रक्कम), सावकाराकडे ठेवलेलं मूळ खरेदीखत, बहिणीने वकिलामार्फत पाठवलेली नोटीस, हे वकिलाला कुठून कळणार?

इथे तुमच्या घराचं सांगतो. घर वडिलांचं स्वकष्टार्जित असेल, ते हयात नसतील आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे आईचा आणि बहिणींचा वाटा तुमच्याइतकाच. वडिलोपार्जित असेल तरी २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांसारखाच आहे. त्या सह्या करणार की हक्कसोडपत्र नोंदवून देणार, हे ठरल्याशिवाय इसार घेऊ नका. बहिणी तयार नसतील तर घेणाऱ्याला ते पहिल्या भेटीतच सांगा.

राहिला भाव. तो थोडा उतरेल, हे मी नाकारत नाही. पण साठेखतात (विक्रीच्या आधीच्या करारात) आणि खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या: उत्तरेच्या भिंतीला तडा आहे, अमुक साली दुरुस्ती केली, मागच्या खोलीत पावसाळ्यात ओल येते, बोअर उन्हाळ्यात आटतं, हे सर्व घेणाऱ्याला दाखवलं आणि त्याने ते जाणून किंमत ठरवली. मग त्याच दोषावरून पुढे 'फसवलं' म्हणून नोटीस आली तर दाखवायला तुमच्या हातात कागद असेल. नुसतं 'जशी आहे तशी' लिहून जाणूनबुजून लपवलेलं झाकलं जाईल, या भरवशावर राहू नका. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या खरेदीच्या तारखेपर्यंत भरून सोबत ठेवा, तीही कलम ५५ प्रमाणे तुमचीच जबाबदारी आहे.