‘स्वतःचा मुलगा कुठे घातलात?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘जागरूक पालक’,

(खरं नाव लिहिलं असतंत तर त्या नावाने हाक मारली असती. असो.)

लहान मुलांना लिहायला लावण्याआधी खेळातून शिकू द्या, असं सांगणाऱ्या ‘तीन वर्षांच्या हातात पेन्सिल कशाला?’ या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. बऱ्याच जणांनी ती उचलून धरली, म्हणून हे सविस्तर उत्तर. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की अंगणवाडी म्हणजे खिचडीवाटप केंद्र. सेविकांना नोंदी आणि सर्वेक्षणांतून शिकवायला वेळच नसतो. मी दिलेले परदेशी दाखले आपल्याकडे लागू पडत नाहीत. तुमची मुलगी साडेतीन वर्षांची असून शंभरपर्यंत आकडे लिहिते. आणि शेवटी हे: “ताई, अंगणवाडीचे गोडवे गाणं सोपं असतं. स्वतःचा मुलगा कुठे घातलात ते आधी लिहा. हे सगळं पांढरपेशांचं ढोंग आहे.”

‘ताई’ म्हणायचं आणि दोन वाक्यांनंतर ढोंगी ठरवायचं, ही कुठली रीत? मतभेदांचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्या सख्ख्या नणंदेने माझ्याशी जाहीर वाद घातलाय आणि दिवाळीला आम्ही एकत्र फराळही केलाय. पण तुम्ही मुद्दा सोडून माणसावर घसरलात. लेख तीन ते सहा वयाच्या मुलांबद्दल होता, माझ्या घराबद्दल नव्हता.

एक गोष्ट मान्य करते. ‘इंग्रजी नर्सरीत मुलांचं बालपण सरसकट चिरडलं जातं’ असं मी लिहिलं होतं, त्यातला ‘सरसकट’ अनावश्यक होता. काही नर्सऱ्यांत चांगलं काम चालतं. तो शब्द मी काढलाय. झालं समाधान?

आता ‘पांढरपेशां’कडे वळते. माझी आई सांगली जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावात अंगणवाडी सेविका होती. निवृत्त होईपर्यंत तिच्या हाती पगार नव्हे, मानधन पडायचं, तेही अनेकदा थकलेलं. अंगणवाडीला खोली नव्हती. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत सगळं चालायचं आणि सप्ताह बसला की बिऱ्हाड पिंपळाखाली. मी त्याच ओवरीत वाढले. तेव्हा ‘तुम्ही अंगणवाडीत कधी पाऊल तरी ठेवलंय का’ हा प्रश्न विचारण्याआधी जरा चौकशी करायची होतीत.

तुम्ही खिचडी म्हणता, आमच्या वेळी सुकडी असायची. पण सुकडी खाऊन मुलं पळून जात नव्हती. आई एका परातीत चिंचोके, गुंजा, मक्याचे दाणे आणि गारगोट्या एकत्र कालवून ठेवायची आणि पोरांना ते वेगवेगळ्या वाट्यांत निवडायला लावायची. आमच्या शेजारचा एक पोरगा होता, नाव नको, आता चांगला ट्रॅक्टर चालवतो. तो गुंज चिमटीत धरायला जायचा आणि ती टुणकन उडायची. मग ओवरीभर रांगत शोधायची. कितीतरी दिवस हेच. आई त्याच्या हाताला हात लावायची नाही, फक्त विचारायची, “कुठं गेली रं? खांबामागं का परातीखाली?” तो आधी नुसतं बोट दाखवायचा, पुढे ‘मागं’, ‘खाली’ म्हणायला लागला. या खेळात त्याची चिमूट तयार झाली, भाषा आली, चिकाटीही आली. पाटीवर एक रेघ न ओढता. पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये ती सगळी दिसत नाहीत, कारण काही अजून नुसती कूर्चा असते. त्या हाताकडून वहीभर आकडे गिरवून घ्यायचे आणि वर त्याची जाहिरात करायची, याला मी काय म्हणू? मी सभ्य शब्दांत लेख लिहिला होता.

आईचं निम्मं काम ओवरीबाहेर चालायचं, हे तर तुमच्या गावीही नसेल. लोंबता वजनकाटा खांद्याला लावून ती वस्तीवर जायची. पोराला त्या झोळीत बसवलं की ते टाहो फोडायचं. वजन तक्त्यावर टिपता टिपता ती सासू-सुनेशी बोलत राहायची. अंगाला तेल कोण लावतं, रात्री जवळ कोण घेतं, हा काही विचारायला लागला तर उत्तर कोण देतं. बाप घरात असला तर त्यालाही सोडायची नाही: “दादा, पोराशी दोन शबूद बोलता का नुसतंच दटावता?” वजन आणि बोलणं या तिच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्याच. पोटात अन्न नसलेलं मूल खेळत नाही आणि ज्याला कुणी ओ देत नाही ते मूल विचारायचं थांबतं, एवढं साधं आहे हे.

आणि हे माझ्या आईने शोधून काढलेलं नाही. बालशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या, तेव्हाच 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 1945 साली त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. तिथल्या हरिजनवाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, कारण त्यांना धाकटी भावंडं सांभाळायची असत. तर या बायका बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. आधी नाक-डोळे पुसायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, खडे घेतले. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मुलं गुरांमागे आणि बाई मुलांमागे. सरकारी अंगणवाड्या जिच्यात चालतात ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तोवर या मंडळींच्या अंगणवाडीला तीस वर्षं होत आली होती. त्यात ढोंग कुठे होतं ते तुम्हीच दाखवा.

परदेशी दाखल्यांबद्दल तुम्ही ‘अमेरिकेत चालतं ते इथे नाही’ असं एका ओळीत उडवून लावलंत. मी दाखला दिलेला पेरी प्रीस्कूल हा बालवाडीचा प्रयोग मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात 1962 मध्ये सुरू झाला, तोही गोऱ्या सुखवस्तू घरांत नव्हे, गरीब कृष्णवर्णीय वस्तीत. 123 मुलं. त्यातल्या 58 जणांना बालवाडी मिळाली, 65 जणांना नाही. बालवाडीच्या बाई दर आठवड्याला मुलाच्या घरीही जायच्या. बुद्ध्यंकात दिसलेली आघाडी काही वर्षांत विरली. (हे मी लेखातही लिहिलं होतं, तुम्ही सोयीस्कर गाळलंत.) पण तीच मुलं चाळिशीला आली तेव्हा बालवाडीतून गेलेल्यांपैकी जास्त जणांचं शालेय शिक्षण पूर्ण झालं होतं, कमाई बरी होती, अटका कमी होत्या. आठवड्याला घरी येणारी बाई म्हटल्यावर मला तरी वजनकाटा घेतलेली माझी आईच दिसते. तुम्हाला अमेरिका दिसते, त्याला माझा इलाज नाही.

राहता राहिला माझा मुलगा. खरं तर हे सांगायला मी बांधील नाही. पण लपवतेय असं वाटू नये म्हणून लिहिते: तो घराजवळच्या मराठी बालवाडीत गेला, जिथे सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षर गिरवायला लावलं नाही. मग मराठी प्राथमिक शाळा. पाचवीपासून सेमी-इंग्रजी. त्याची कारणं वेगळी होती आणि ती मी इथे सांगत बसणार नाही. आणि हो, ती बालवाडी सरकारी अंगणवाडी नव्हती. आमच्या भागात जी अंगणवाडी होती तिची वेळ माझ्या नोकरीच्या वेळेशी जुळत नव्हती. आता यावर ‘बघा, सापडली’ म्हणून उड्या मारायच्या असतील तर खुशाल मारा. मुलाला सकाळी माझी सासू सोडायची, दुपारी आणायची आणि येताना रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याशी दोघं बोलत यायची. ते शिक्षण कुठल्या माध्यमाचं म्हणायचं?

सेविकांना नोंदींतून वेळ मिळत नाही, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरण्यात दिवस जातो, हा तुमचा मुद्दा. ठीक आहे, त्रास आहे. कुठल्या खात्यात नाही? त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. त्याचा तीन वर्षांच्या मुलाने लिहावं की नाही याच्याशी संबंध नाही. अंगणवाड्यांच्या खोल्या आणि शौचालयांचंही तसंच, तो त्या लेखाचा विषय नव्हता.

आणि पहिलीच्या प्रवेशाला मुलाखत घेतात म्हणून आधीपासून तयारी हवी, हे तुम्ही ज्या ठसक्यात लिहिलंय तो वाचून हसू आलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून शिकण्याचा म्हटलाय. तरीही शाळा मुलाखती घेत असतील, तर भांडण शाळेशी करा. तिथे गप्प बसायचं आणि इथे येऊन मला ढोंगी म्हणायचं, याला जागरूक म्हणत असतील तर असेल बुवा.

तुमची लेक हुशार असणार, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त एक करून बघा. तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवा, चिंचोके नसतील तर राजमा चालेल, आणि म्हणा, “यातले मला सात दे.” न सांगता, न खुणावता. आकडे धडाधड म्हणणारी आणि लिहिणारी या वयाची बरीच मुलं पाच वस्तू मोजून देतानाही अडखळतात, मूठभर उचलून हातावर ठेवतात. तिने नेमके सात दिले तर इथे येऊन सांगा, मी जाहीर अभिनंदन करीन. नाही दिले तरी सांगा. आणि या वेळी नावानिशी या.