म्हणजे नेमकं काय केलंस?

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे.

भाचीचा फोन आला होता. मुलाखत संपवून नुकतीच बाहेर पडली होती. आवाज इतका बारीक, की आधी वाटलं तब्येत बिघडली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिच्या रेझ्युमेतली पहिलीच ओळ वाचून दाखवली. 'स्पीअरहेडेड एंड-टू-एंड रिव्हर्स लॉजिस्टिक्स ट्रान्सफॉर्मेशन'. आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे नेमकं काय केलंत?" ही गप्प. "मावशी, मला सुचलंच नाही गं काही. ती ओळ माझी नव्हतीच."

ती ओळ तिला एका रेझ्युमे तज्ज्ञाने पैसे घेऊन लिहून दिलेली. 'पॉवर वर्ड्स' हवेत म्हणे.

आता या मुलीने काय केलंय ते ऐका. ती डिस्पॅचमध्ये लागली तेव्हा ग्राहकांकडून परत आलेला माल गोदामाच्या एका कोपऱ्यात पडून असायचा. कोणाचा, कधी आला, का परत आला, कशाचीच नोंद नाही. ग्राहक फोन करून थकायचे आणि अकाउंट्सवाले म्हणायचे, माल मिळाल्याचा कागद दाखवा. हिने एक साधी एक्सेल शीट केली. माल आला की त्याच दिवशी नोंद, सोबत फोटो, परत येण्याचं कारण, आणि दर शुक्रवारी यादी अकाउंट्सकडे. महिनोन्महिने अडकणाऱ्या क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाचे पैसे ग्राहकाच्या खात्यात वळते केल्याचे कागद, आठवड्याच्या आत निघायला लागल्या. पुढे कारणांचा रकाना बघता बघता तिच्याच लक्षात आलं, की एकाच मापाच्या खोक्यातला माल फुटून येतोय. तिने ते वरिष्ठांना दाखवलं आणि पॅकिंग बदललं. हे सगळं कोणीही न सांगता!

आणि यातलं एक अक्षर तरी त्या ओळीत दिसतंय का?

तज्ज्ञाकडे जाण्याआधी तिने स्वतः लिहिलेलं होतं, 'रिस्पॉन्सिबल फॉर रिटर्न्स'. तेही मला पटत नाही. जबाबदारी होती हे कळलं, ती पार पाडली की नाही हे कुठे कळलं? तिच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचीही तीच जबाबदारी होती, आणि त्याच्या काळात कोपऱ्यात ढीग साठला. दोघांच्या रेझ्युमेत तीच ओळ येणार असेल, तर त्या ओळीचा उपयोग काय? आधीच्या ओळीत तिचं काम दिसत नव्हतं, नंतरच्या ओळीत तीच दिसेनाशी झाली.

जोरदार शब्द, जोरदार शब्द म्हणून जे चाललंय त्याचा मला खरोखर राग येतो. इंटरनेटवरची तीच यादी उचलायची, तेच 'लेव्हरेज्ड', 'ऑर्केस्ट्रेटेड', तेच 'रिझल्ट्स-ओरिएंटेड', आणि ज्याच्या-त्याच्या नावापुढे चिकटवायचं. आता तर एआयला सांगितलं की क्षणात पानभर मिळतं. गठ्ठ्यातला प्रत्येक जण ट्रान्सफॉर्मेशन करून आलेला. मग वाचणाऱ्याने निवडायचं कोणाला?

हो, कंपन्यांचं सॉफ्टवेअर आधी रेझ्युमे चाळतं, आणि जाहिरातीतले शब्द त्यात नसतील तर तो मागे पडू शकतो. मान्य. म्हणून 'रिव्हर्स लॉजिस्टिक्स' राहू दे, परत येणाऱ्या मालाची व्यवस्था बघणं, ते तिच्या कामाचं खरंच नाव आहे. 'स्पीअरहेडेड', म्हणजे 'आघाडीवर राहून नेतृत्व केलं', हे कशाला?

भाची म्हणाली, "अगं, सगळे असंच लिहितात. मशीनलाही तेच आवडतं." मशीनला काय आवडतं याचा एक किस्सा सांगते. ॲमेझॉनने रेझ्युमे पारखणारं एक सॉफ्टवेअर बनवायला घेतलं होतं आणि नंतर ते गुंडाळलं, अशी बातमी रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये दिली होती. ते शिकलं होतं जुन्या अर्जांवरून, आणि त्यातले बहुतेक अर्ज पुरुषांचे. त्यामुळे 'एक्झिक्युटेड', 'कॅप्चर्ड' असली क्रियापदं त्याला पसंत पडायची, आणि रेझ्युमेत 'विमेन्स' हा शब्द दिसला की गुण कापले जायचे. त्या मशीनला काम दिसत नव्हतं, भाषेचा थाट दिसत होता. आणि आपल्या मुलींना आपण त्याच थाटाच्या शिकवण्या लावतोय.

त्याच वेळी हेही सांगते, की मुली उलट्या बाजूलाही जातात आणि ते मला जास्त लागतं. भाचीच्या अगदी पहिल्या मसुद्यात होतं, 'असिस्टेड टीम इन मेंटेनिंग रेकॉर्ड्स'. असिस्टेड! अगं बाई, कोणाला मदत केलीस? शीट तुझी, शुक्रवारची यादी तुझी, खोक्याची गोष्ट तुझ्याच डोळ्यांना दिसली. जिथे खरंच मदत केली तिथे मदत लिहावी, आणि जिथे सुरुवात आपण केली तिथे 'सुरू केलं' लिहायला लाजू नये. एवढं साधं क्रियापदही आपल्या पोरींच्या हातून लिहिलं जात नाही, कारण 'मी केलं' म्हणणं म्हणजे मिरवणं, हे आपणच त्यांच्या मनात भरलंय.

लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या आसपास इटलीतल्या मिलानचा सत्ताधारी लुडोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागायला पत्र लिहिलं, त्याचा मसुदा आजही वाचायला मिळतो. एकेक मुद्दा घेऊन सांगतो: हलके, मजबूत आणि सहज वाहून नेता येतील असे पूल करता येतात, वेढा पडला तर खंदकातलं पाणी काढता येतं. चित्रकला अगदी शेवटी, कारण समोरच्याला युद्धाची काळजी होती. स्वतःला 'कल्पक' वगैरे म्हणत बसलेला नाही. आता कोणी म्हणेल, त्यातलं बरंच त्याने तोवर बांधलेलंही नव्हतं. असेल. पण यातलं काही अशक्य वाटलं तर तुमच्या बागेत करून दाखवतो, असंही त्याने त्याच पत्रात लिहिलंय. 'म्हणजे नेमकं काय?' या प्रश्नाला तो तयार होता.

भाचीही होती. तिला फक्त तिची स्वतःची ओळ हवी होती. मी फोनवर विचारत गेले, ती सांगत गेली. आधी काय व्हायचं? तू काय केलंस? मग काय बदललं? टक्के तिला माहीत नाहीत, तर टक्के लिहायचेच नाहीत. 'परत आलेल्या मालाची रोजची नोंद आणि अकाउंट्सला साप्ताहिक यादी सुरू केली. महिनोन्महिने अडकणाऱ्या क्रेडिट नोट आठवड्याच्या आत निघू लागल्या.' हेच सरळ इंग्रजीत. आणि खाली दुसरी ओळ खोक्यांची. वाचून दाखवताना तिचा आवाज भरून आला, माझाही.

आता माझ्या यादीत भरतीचं काम करणारे जे आहेत त्यांच्याशी बोलायचंय. त्या बाईंनी प्रश्न विचारला यात काही गैर नाही, उलट विचारायलाच हवा. पण या भाषेची सुरुवात तुमच्या जाहिरातींतून होते. 'डायनॅमिक', 'गो-गेटर', 'सेल्फ-स्टार्टर' असं तुम्ही लिहिता, मग पोरं तेच तुम्हाला परत पाठवतात. पुढची जाहिरात काढाल तेव्हा त्या माणसाला सोमवारी सकाळी येऊन काय करायचंय ते लिहा. गोदामात ढीग साठला असेल तर ढीग साठलाय असं लिहा. तो उपसणारी मुलगी मग तिच्या शब्दांत उत्तर देईल.