वजनकाटा राहिलाच की!
वृद्ध हृदयरोग्यांच्या काळजीवरच्या या लेखात मीठ कमी करा म्हटलंय, ते बरोबरच. पण रोजच्या वजनाचं नावच नाही. आमच्या दादांना (वय ८२, हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय कमजोर होऊन रक्त नीट पंप न होणं) बघायला येणाऱ्या सिस्टरांनी आधी तेच शिकवलं: सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते बाळसं नव्हे, अंगात साठलेलं पाणी. लगेच डॉक्टरांना फोन. नडगीवर अंगठा दाबून पडलेला खळगा, म्हणजे त्याच पाण्याची सूज, हेही सिस्टरांनीच दाखवलं. पाण्याची गोळी (लघवीवाटे अंगातलं जादा पाणी काढणारी) सकाळीच, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या आणि अंधारात पडायची धास्ती. बाकी इंदुरात पोह्यांवरची खारी शेव बंद केली म्हणून दादा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत!